रेडिओ वाजतो, पण सापडत नाही: म्युझिक प्लेअरमधल्या स्टेशन-यादीची पार्श्वभूमी

एखाद्या ओपन सोर्स (कोड सर्वांना खुला असलेल्या) म्युझिक प्लेअरमध्ये इंटरनेट रेडिओची सोय द्या, अशी मागणी आली की जुन्याजाणत्यांचं उत्तर ठरलेलं असतं: ‘स्ट्रीमचा (स्टेशनच्या थेट ध्वनिप्रवाहाचा) पत्ता टाका, वाजतंय की!’ ते खरंही आहे. ज्याच्या पोटात एफएफएमपेग किंवा जीस्ट्रीमर ही आवाज वाजवणारी तयार लायब्ररी आहे, तो प्लेअर रेडिओ वाजवतोच. पण पत्ता आणायचा कुठून? मागणाऱ्याला हवं असतं ते चाळणं: देश निवडावा, भाषा निवडावी, चार स्टेशनं ऐकून बघावीत, आवडलं ते ठेवून घ्यावं. पंचवीसेक वर्षं घोडं अडतंय ते इथेच.

सुरुवातीच्या काळात हा प्रश्नच नव्हता, कारण स्टेशनं बोटांवर मोजण्याइतकी होती. १९९३ साली कार्ल मालामुद यांनी ‘इंटरनेट टॉक रेडिओ’ सुरू केला, तेव्हा कार्यक्रम ध्वनीफितीसारखे फाइल म्हणून उतरवून घ्यावे लागत. नोव्हेंबर १९९४मध्ये अमेरिकेतल्या चॅपल हिल इथलं डब्ल्यूएक्सवायसी हे विद्यार्थ्यांचं स्टेशन थेट इंटरनेटवरून ऐकू येऊ लागलं. पुढच्या वर्षी रिअलऑडिओ आला. त्याचा फॉरमॅट त्याचाच आणि प्लेअरही त्याचाच.

खरी उलथापालथ केली ती नलसॉफ्ट या कंपनीने. १९९७चा तिचा विनॅम्प हा प्लेअर हाताशी होताच. १९९८च्या अखेरीस त्याच्या जोडीला शाउटकास्ट हा प्रसारण-सर्व्हर आला आणि घरच्या संगणकावरून कुणालाही स्टेशन चालवता येऊ लागलं. त्यातली हुशारीची गोष्ट फारशी बोलली जात नाही: स्टेशनचा सर्व्हर चालू झाला की तो स्वतःच मध्यवर्ती यादीत आपलं नाव नोंदवायचा. यादी कुणी बसून तयार करत नव्हतं, ती आपोआप भरत होती.

शाउटकास्टचा प्रोटोकॉल (सर्व्हर आणि प्लेअर यांच्या बोलण्याची रीत) मात्र घरगुती होता. वेबपानं आणणाऱ्या एचटीटीपीसारखाच, पण ‘एचटीटीपी/१.० २०० ओके’ (मागणी मान्य) म्हणण्याऐवजी सर्व्हर ‘आयसीवाय २०० ओके’ म्हणायचा. (आयसीवाय म्हणजे ‘आय कॅन येल’, प्रकल्पाचं मूळ नाव.) या एका शब्दापायी नेटवरून माहिती आणणाऱ्या कर्ल लायब्ररीला ‘हेही २०० समजा’ असं सांगणारा वेगळा पर्याय ठेवावा लागला. गाण्याचं नाव पाठवायची तऱ्हाही गमतीदार. प्लेअरने मागितलं तर सर्व्हर दर ठरावीक बाइट्सनंतर, समजा १६,०००, आवाजाच्या प्रवाहातच माहितीचा तुकडा घुसडतो. १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ हजार बिट) स्ट्रीममध्ये १६,००० बाइट म्हणजे बरोबर एक सेकंद. त्यानंतरचा एक बाइट लांबी सांगतो. त्याला १६ने गुणायचं. शून्य असेल तर नवीन काही नाही, पुढे चला. मोजणी एका बाइटने जरी चुकली, तरी गाण्याचं नाव आवाज म्हणून डीकोडरकडे (आवाज उलगडणाऱ्या भागाकडे) जातं आणि मधेच ‘खट्’ असं ऐकू येतं. शिवाय मजकूर कोणत्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरसंकेतात) आहे हे कुठेच नोंदलेलं नसतं. प्लेअरने लॅटिन-१ हा युरोपीय अक्षरांचा संकेत धरून चाललं, की देवनागरी शीर्षकाचा चिखल होतो.

ओपन सोर्सच्या गोटातून याला उत्तर म्हणून आइसकास्ट हा मुक्त सर्व्हर उभा राहिला. पुढे तो मुक्त ध्वनी-फॉरमॅट बनवणाऱ्या झिफ संस्थेच्या छत्राखाली आला, तिच्या ऑग व्हॉर्बिस फॉरमॅटमधला आवाजही पाठवू लागला आणि त्याचीही सार्वजनिक यादी झाली. तरी श्रोते आणि स्टेशनं यांची गर्दी शाउटकास्टच्या यादीतच होती. त्यामुळे अमारोक, व्हीएलसी यांसारख्या प्लेअरांनी तीच यादी आपल्या खिडकीत दाखवायला सुरुवात केली.

ही यादी दुसऱ्याच्या मालकीची आहे, हे तेव्हा कुणाला फारसं टोचत नव्हतं. एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने १९९९ सालीच नलसॉफ्ट विकत घेतलं होतं. २०१० साली व्हीएलसीच्या मंडळींनी शाउटकास्टची यादी काढून टाकली, कारण एओएलने पुढे केलेला नवा परवाना मुक्त सॉफ्टवेअरच्या अटींशी जुळणारा नव्हता. व्हीएलसीच्या कोडमध्ये बिघाड नव्हता, स्टेशनंही चालू होती. गेली ती फक्त यादी. २०१४मध्ये विनॅम्प आणि शाउटकास्ट दोन्ही रेडिओनॉमी या कंपनीकडे गेले.

काही प्लेअरांनी मग निवडक पत्ते कोडमध्येच लिहून टाकले. सोमाएफएमसारखं एखादं स्थिर स्टेशन असेल तर ते चालूनही जातं. बाकीची स्टेशनं आपले सर्व्हर बदलतात, पोर्ट बदलतात, बंद पडतात; आणि लिनक्स वितरणांमध्ये (लिनक्सच्या तयार संचांमध्ये) प्लेअरची जुनी आवृत्ती वर्षानुवर्षं फिरत राहते, मेलेल्या पत्त्यांसकट.

आज बहुतेक मुक्त प्लेअर वळतात ते रेडिओ ब्राउझर या सामुदायिक डेटाबेसकडे. नोम या लिनक्स डेस्कटॉपचा शॉर्टवेव्ह, अँड्रॉइडवरचा रेडिओड्रॉइड ही त्याची ठळक गिऱ्हाइकं. माहिती सार्वजनिक मालकीची आहे, सर्व्हरचा कोड खुला आहे, आणि स्टेशन कुणीही घालू शकतं. कुणीही घालू शकतं म्हटल्यावर एकच स्टेशन चार नावांनी येतं, टॅगमध्ये वाट्टेल ते लिहिलेलं असतं. डेटाबेस प्रत्येक पत्ता अधूनमधून तपासतो, शेवटची तपासणी यशस्वी झाली का ते सांगतो, मतं आणि क्लिकही मोजतो. प्लेअरने निदान बंद पडलेली स्टेशनं लपवावीत, एवढी अपेक्षा रास्त आहे. कोणतं स्टेशन लावलं ते क्लिक प्लेअरने डेटाबेसला कळवायचे की नाही, हा मात्र वापरणाऱ्याच्या खासगीपणाचा प्रश्न आहे. माझ्या मते तिथे सेटिंग हवंच.

यादी मिळाली तरी एक नवी अडचण आहेच. ॲपलने २००९ साली एचएलएस ही प्रसारणाची पद्धत आणल्यापासून अनेक स्टेशनांनी जुना अखंड प्रवाह सोडून काही सेकंदांच्या तुकड्यांची वाट धरली. त्यांचा पत्ता ‘एमथ्रीयूएट’ने (m3u8) संपतो, आणि गाण्यांच्या याद्यांच्या फाइलींनाही जवळपास तसंच नाव असतं. प्लेअरला वाटतं ही साधी गाण्यांची यादी, आणि तो ते तुकडे एकेक गाणं म्हणून रांगेत लावून मोकळा होतो. तुकडे संपले की रेडिओ थांबतो.

आवडत्या स्टेशनांची नोंद करतानाही बरेच जण नुसता पत्ता साठवतात. रेडिओ ब्राउझर प्रत्येक स्टेशनला कायमचा ओळख-क्रमांक देतो; तो सोबत ठेवला तर पत्ता बदलल्यावर नवा आपोआप आणता येतो. आणि पत्ताही ठेवायचाच, म्हणजे उद्या ही यादीही गेली तरी निवडलेली स्टेशनं वाजत राहतील.