धरण पाझरतंय की गळतंय?

जुलै उजाडला की मोबाइलवर एक व्हिडिओ हमखास येतो. धरणाचा पायथा, तिथून खळखळ वाहणारं पाणी, हलता कॅमेरा आणि मागून आवाज, "बघा, धरणाला गळती लागली!" कधी त्यात तथ्य असतं, बऱ्याचदा नसतं. पंचाईत अशी की नुसतं वाहतं पाणी बघून ते ठरवता येत नाही. पाझर आणि गळती हे शब्द आपण बिनदिक्कत एकमेकांच्या जागी वापरतो, पण मातीच्या धरणात पाझर ही रोजची गोष्ट आहे आणि गळती ही रात्रीची झोप उडवणारी.

मातीचं धरण म्हणजे मधोमध चिकण काळ्या मातीचा गाभा, ज्याला साइटवर सगळे हार्टिंग म्हणतात. त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाड मातीचं आवरण, म्हणजे केसिंग, आणि पाण्याकडच्या उतारावर लाटांचा मार झेलायला दगडांचं पिचिंग. हार्टिंग पाण्याचा जोर मारतं, पाणी पुरतं बंद करत नाही. एका बाजूला वीस-पंचवीस मीटर पाणी उभं आणि दुसऱ्या बाजूला कोरडं शेत, म्हटल्यावर पाणी कणाकणांतून वाट काढणारच. ती वाट धरण बांधणाराच आखून देतो. हार्टिंगच्या मागे वाळूचा फिल्टर, पायथ्याशी दगडांचा रॉक टो, त्याला लागून टो ड्रेन नावाचा नाला. फिल्टरची वाळू अशी निवडायची की पाणी सुटावं आणि मातीचा कण अडावा. सगळी मेख या एका थरात आहे. गाळून आलेलं पाणी नाल्यात पडतं, मोजलं जातं आणि नदीला मिळतं. हा पाझर. धरण भरलेलं असताना तो नसेल, तर उलट शंका यावी.

(पाझर तलावाची गोष्ट आणखी वेगळी. १९७२च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीवर असे तलाव गावोगाव झाले. तिथे पाणी तळातून जमिनीत मुरावं आणि खालच्या विहिरींना लागावं हाच हेतू. पण तिथेही मुरायचं ते तळातून, बांधातून नव्हे. नाव पाझर तलाव असलं म्हणून बांध फुटायचा थांबत नाही.)

गळतीत पाणी एकटं येत नाही, माती घेऊन येतं. फिल्टर नीट पडला नाही, एखादा थर दाबायचा राहिला, कुजलेल्या मुळाने पोकळी ठेवली, की पाण्याला आयती फट मिळते. बाहेर पडण्याच्या तोंडाशी आधी दोन कण सुटतात, मग त्यांच्या मागचे. हे बीळ बाहेरून आत, खालच्या अंगाकडून जलाशयाकडे खात जातं. इंजिनिअर याला पायपिंग म्हणतात. बीळ जसं आत सरकतं तशी पाण्याची वाट आखूड होते, वेग वाढतो, वेग वाढला की माती आणखी सुटते. आठवडेच्या आठवडे काही दिसत नाही आणि मग सगळं काही तासांत आटोपतं. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातलं टेटन धरण मातीचंच, ९३ मीटर उंच, पहिल्यांदाच भरत होतं. ५ जून १९७६ला सकाळी त्यातून गढूळ पाणी येताना दिसलं. भोक बुजवायला दोन बुलडोझर धाडले, ते त्या भोकातच गेले, चालक वाचले. बाराच्या सुमारास धरण फुटलं.

म्हणून पहिला प्रश्न 'किती पाणी?' हा नाही, 'कसं पाणी?' हा आहे. यासाठी एक साधी पारदर्शक बाटली पुरते. झिरपणारं पाणी तीत भरायचं, बूच लावायचं आणि रात्रभर न हलवता ठेवायचं. सकाळी तळाशी बोटभर तर सोडाच, नखाएवढा गाळ बसला तरी तो धरणाच्या पोटातून आलेला असू शकतो. पावसात मात्र बाटली फसवते, कारण उतारावरून धुऊन येणारं पाणीही गढूळच असतं. पाऊस उघडल्यावर दोन दिवसांनी पुन्हा भरून बघावी.

दुसरा प्रश्न 'बदललं का?' त्यासाठी टो ड्रेनच्या तोंडाशी व्ही नॉच असतो, म्हणजे इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची खाच कापलेला पत्रा. खाचेतून किती उंचीचं पाणी वाहतंय ते पट्टीवर वाचायचं. इथे डोळा फार फसवतो. काटकोनी खाचेत पाणी ५ सेंटिमीटर असेल तर सेकंदाला पाऊण लिटर, १० असेल तर साडेचार लिटरच्या आसपास, २० असेल तर जवळजवळ २५ लिटर. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाचपटीहून जास्त होतं. "चार बोटांचं आठ बोटं झालंय" असं कोणी सहज बोलून गेलं, तर ते सहज घेण्यासारखं नसतं.

नुसता आकडा एकटा काही सांगत नाही, तो जलाशयाच्या पातळीशेजारी मांडावा लागतो. पातळी चढली की पाझर वाढणार, उतरली की कमी होणार, इथपर्यंत ठीक. पातळी आहे तिथेच आणि पाझर वाढतोय, किंवा मागच्या वर्षी याच पातळीला होता त्याच्या दुप्पट आहे, तर कान टवकारायचे. पायथ्याऐवजी उताराच्या निम्म्यावर ओल दिसणं, भर उन्हाळ्यात तिथेच लुसलुशीत हिरवळ असणं, पायथ्याच्या जमिनीत पाणी उकळल्यासारखं वर येऊन भोवती वाळूचं कडं साचणं, माथ्यावर खळगा पडणं, ही गळतीची लक्षणं. शेवटची दोन दिसली तर बाटलीची वाट बघायची नाही, लगेच फोन करायचा.

यात खेकडे कुठे बसतात? २ जुलै २०१९च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. धरण गळतंय ही तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. खेकड्यांमुळे धरण फुटलं, असं तेव्हाचे जलसंधारण मंत्री म्हणाले आणि महाराष्ट्रभर हसं झालं. खरं तर बिळं हा तपासणीत बघायचाच मुद्दा आहे, लहान बांधात तर नक्कीच. पण खेकडा दरवर्षीच बीळ करतो. ते बीळ बुजवणं, झुडपं मुळासकट काढणं ही माणसांची कामं. धरण सुरक्षा कायदा, २०२१ प्रमाणे त्याच्या कक्षेतल्या धरणांची पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी व्हायलाच हवी. १५ मीटरपेक्षा उंच सगळी धरणं त्यात येतात, १० ते १५ मीटरमधली काही अटींवर. त्याहून बुटका बांध या कायद्यात बसत नाही, त्याच्या खाली वाडी असली तरी.

मातीच्या धरणात जुनेजाणते आधी बघतात ते विमोचकाजवळ, म्हणजे जिथे पाणी सोडायची काँक्रीटची नळी बांधातून आरपार जाते तिथे. काँक्रीटला चिकटून माती नीट दाबता येत नाही, म्हणून पाणी त्या सांध्याने चालायला बघतं. १९६१ साली पानशेतचं दुखणं याच जागी होतं. विमोचकाचं काम अर्धवट असताना पहिल्याच पावसाळ्यात धरण भरलं आणि नळीच्या वरचा बांध खचू लागला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, त्यामुळे भगदाड रात्री न पडता १२ जुलैच्या सकाळी पडलं, आणि तेवढ्या तासांनी कितीतरी जीव वाचवले. खाली १८७९चं दगडी खडकवासला. वरून आलेला लोंढा त्याला पेलला नाही आणि त्याच दिवशी तेही फुटलं.

दगडी धरणाला मात्र वरची फूटपट्टी लावू नका. पुण्याला पाणी देणाऱ्या चार धरणांपैकी टेमघर दगडी आहे. २०१६ साली त्याच्या गळतीचा गाजावाजा झाला तेव्हा 'पाणी स्वच्छ आहे ना, मग काळजी नाही' हे म्हणणं चुकीचंच ठरलं असतं. तिथे वाहून जायला माती नसते. पाणी विरघळवतं ते दगड सांधणाऱ्या मसाल्यातल्या चुन्याला, आणि विरघळलेला चुना बाटलीत दिसत नाही. तो दिसतो भिंतीवर सुकलेल्या पांढऱ्या ओघळांत. इलाज म्हणजे भोकं पाडून दाबाने सिमेंट भरणं, त्यालाच ग्राउटिंग म्हणतात. टेमघरला तेच करावं लागलं.

दगडी धरणाच्या पोटातल्या गॅलरीत, म्हणजे आतल्या बोगद्यात, कधी जाल तर ओळीने भोकं दिसतील आणि प्रत्येकातून पाणी ठिबकत असेल. बघून धडकी भरते, पण ती मुद्दाम पाडलेली आहेत. असं धरण स्वतःच्या वजनावर उभं असतं आणि पायाखाली शिरलेलं पाणी त्याला उचलायला बघतं. तो दाब या भोकांवाटे सुटतो. जलाशय काठोकाठ भरलेला असताना गॅलरीतलं एखादं भोक कोरडं पडलं, तर अनुभवी माणूस खूश होत नाही. चुना बसून ते बुजलेलं असतं, पाणी आतच दाबून राहिलेलं असतं. मग ड्रिल आणून भोक पुन्हा मोकळं करतात आणि ठिबक परत सुरू झाल्याची नोंद वहीत होते.