वसई

वसई : महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण, जुने बंदर आणि मुंबईचे उत्तरेकडील उपनगर. मुंबईपासून सु. ५० किमी. अंतरावर, उल्हास नदीची खाडी अरबी समुद्राला मिळते तेथे, खाडीच्या उत्तर तीरावर हे वसले आहे (सु. १९° २०' उ. अक्षांश व ७२° ४९' पू. रेखांश). बोलण्यात ‘वसई’ हा शब्द तीन वेगवेगळ्या अर्थांनी येतो. किल्ला, कोळीवाडा, पाचूबंदर व पारनाका मिळून होणारे ‘वसई गाव’. तेथून काही किमी. आत, रेल्वे स्थानकाभोवती वाढलेले ‘वसई रोड’. आणि विरार, नालासोपारा, आगाशी, अर्नाळा यांना पोटात घेणारा संपूर्ण तालुका. जुन्या कागदपत्रांतील ‘वसई प्रांत’ याहूनही मोठा होता. या नोंदीत मुख्यतः वसई गाव व त्याच्या पश्चिम पट्ट्याचा विचार केला आहे.

आजचा भूप्रदेश पाहून जुन्या वसईची कल्पना येत नाही. वसई मुळात बेट होते. दक्षिणेस वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र आणि पूर्व व उत्तर बाजूंनी सोपाऱ्याची खाडी अशी त्याची सीमा होती. सोपाऱ्याची खाडी गाळाने हळूहळू उथळ झाली, तिच्या काठी मिठागरे व भातखाचरे आली आणि बेट मुख्य भूमीला जोडले गेले. ही क्रिया अनेक शतके चालू असल्याने तिला एक साल देता येत नाही. मात्र पोर्तुगीज काळात वसईचा उल्लेख बेट म्हणूनच होतो. पूर्वेस तुंगारेश्वरचे डोंगर, मध्ये खाजणांचा सखल पट्टा, पश्चिमेस वाळूमिश्रित गाळाची किंचित उंच वाडी-जमीन आणि शेवटी सुरूंचा किनारा अशी पूर्व-पश्चिम रचना आहे. डोंगरावरचे पावसाळी पाणी समुद्राकडे जाताना मधल्या खाजणांत विसावते. ही विसाव्याची जागा भराव घालून बुजत गेल्यावर काय होते, ते जुलै २०१८ च्या पुरात वसईकरांनी अनुभवले.

नावाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. संस्कृत ‘वसति’ (वस्ती, निवास) यापासून ‘वसई’ झाले, हे मत एकोणिसाव्या शतकातील गॅझेटियरकारांपासून चालत आले असून मराठीच्या ध्वनिनियमांशी ते चांगले जुळते : मधला ‘त’ लोपून ‘वसइ’ व त्यावरून ‘वसई’. दुसरे मत जैन मंदिरवाचक ‘बसदि’शी नाते जोडते. हा शब्दही ‘वसति’चेच रूप असल्याने दोन्ही मतांत वाटते तेवढे अंतर नाही, फक्त येथे जैन वसाहत असल्याचा पुरावा दुसऱ्या मताला जास्तीचा लागतो आणि तो पुरेसा पुढे आलेला नाही. पहिले मत म्हणूनच अधिक ग्राह्य वाटते. मुसलमानी अमलात बसई, पोर्तुगीजांच्या लेखनात बासाइँ व इंग्रजांच्या तोंडी बसीन ही त्याच नावाची रूपे होत. मराठ्यांनी किल्ला घेतल्यावर ‘बाजीपूर’ असे नाव दिल्याचे सांगतात, पण ते रुळले नाही.

प्राचीन काळी या परिसराचे महत्त्व वसईला नसून शेजारच्या शूर्पारकाला, म्हणजे सोपाऱ्याला होते. तेथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी ‘बुरुड राजाचा कोट’ या टेकाडाखालील स्तूप उकरला आणि अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडाही उजेडात आणला. नवव्या शासनाचा तुकडा १९५६ मध्ये भुईगाव येथे मिळाला. हे गाव वसईच्या आजच्या वाडीपट्ट्यातच येते. सोपाऱ्याची खाडी भरत गेली तसा व्यापार दक्षिणेकडच्या खोल खाडीमुखाकडे सरकला असावा आणि वसईचा उदय त्यातून झाला असावा. हे अनुमान आहे. भूगोल त्याला अनुकूल आहे.

किल्ल्याच्या आरंभाविषयी दोन परंपरा आहेत. मराठीतील काही लेखनात १४१४ मध्ये भंडारी-भोंगळे घराण्याने येथे पहिली गढी बांधली असे म्हटलेले आढळते. त्यास शिलालेखाचा किंवा समकालीन कागदाचा आधार दाखवला जात नाही, त्यामुळे ती स्थानिक स्मृती म्हणूनच नोंदवणे योग्य. गुजरातच्या सुलतानाचा सरदार मलिक तुघान याने १५३० नंतरच्या एकदोन वर्षांत येथे तटबंदी केली व जानेवारी १५३३ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हा याने ती पाडली, ही माहिती मात्र पोर्तुगीज बखरकारांच्या आधाराने पक्की आहे. पुढे हुमायूनच्या स्वारीच्या धास्तीने बहादुरशाहाने २३ डिसेंबर १५३४ रोजी तह करून वसई, तिच्या ताब्यातील बेटांसह, पोर्तुगीजांना दिली. तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजराती जहाजांनी वसईहून परवाना घेऊन निघावे व परतताना तेथेच जकात भरावी, हे या तहातील कलम पोर्तुगीजांना जमिनीइतकेच मोलाचे होते. तहात आलेल्या बेटांत मुंबईची बेटेही होती. पुढची सव्वाशे वर्षे मुंबई हा वसईच्या अमलाखालचा एक लहान मुलूख होता, ही गोष्ट दोन्ही गावांचा इतिहास वाचताना विसरता कामा नये.

किल्ल्याचे बांधकाम १५३६ मध्ये सुरू झाले. आरंभीचा बालेकिल्ला लहान होता. त्याभोवतीचा बुरुजबंद कोट त्यानंतर टप्प्याटप्प्याने, सोळाव्या शतकाच्या अखेरपर्यंत उभा राहिला. सेंट सेबास्तियन बुरुजाशी १५५४ सालाचा शिलालेख असल्याने त्या बाजूचे काम आधीचे ठरते. बुरूज दहा की अकरा याबद्दल वर्णनांत एकमत नाही. एका बुरुजाचा भाग स्वतंत्र मोजायचा की नाही यावर हा फरक अवलंबून असावा. दरवाजे दोन : खाडीकडचा बंदर दरवाजा व उत्तरेकडचा भुई दरवाजा. तिन्ही अंगांना समुद्र, खाडी व दलदल असल्याने शत्रू येणार तो उत्तरेकडूनच, हे गृहीत धरून जमिनीकडचे बुरूज अधिक भक्कम केले आहेत. आत कोर्ट, तुरुंग, इस्पितळ, बाजार आणि फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन व ऑगस्टिनियन संघांचे मठ होते. सेंट जोसेफ या मुख्य चर्चच्या दारावर १६०१ सालाचा, गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांचे नाव असलेला लेख आहे. त्याचा मनोरा अजून उभा आहे. वसईचा काळा दगड गोव्यातील चर्चबांधणीसाठीही नेला जाई. येथील व आगाशीच्या जहाजबांधणीचीही ख्याती होती.

पोर्तुगीजांच्या ‘उत्तर प्रांता’चे वसई हे मुख्य ठाणे. त्याची भरभराट सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वाधिक होती. याच काळात, १५५६ च्या सुमारास, गोन्सालो गार्सिया यांचा येथे जन्म झाला. व्यापार सोडून ते फ्रान्सिस्कन संघात गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे इतर पंचवीस जणांबरोबर त्यांना क्रुसावर मारण्यात आले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. भारतात जन्मलेले ते पहिले संत होत. त्यांचा सण आजही किल्ल्यातील चर्चच्या भग्न भिंतींत साजरा होतो. मे १६१८ मधील भीषण वादळ, १६७४ मध्ये मस्कतच्या अरबांनी केलेली लूट, साथी आणि गोव्याची खालावलेली सत्ता यांमुळे सतराव्या शतकात शहर ओसरत गेले.

मराठ्यांची वसईची मोहीम १७३७ मध्ये ठाणे व साष्टीपासून सुरू झाली. अणजूरचे गंगाजी नाईक व मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे यांनी पोर्तुगीजांच्या धार्मिक जाचाची कैफियत पुण्यापर्यंत नेली होती. नाईकांच्या घराण्यात लिहिली गेलेली ‘साष्टीची बखर’ हा या बाजूचा महत्त्वाचा आधार आहे. घराण्याचा अभिमान जमेस धरूनही तिच्यातील स्थळांची व माणसांची माहिती उपयोगी पडते. फेब्रुवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईला वेढा घातला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तरेकडील तटाखाली सुरुंग उडवून मराठे सेबास्तियन बुरुजावर चढले. पोर्तुगीजांचे ८०० व मराठ्यांचे, त्यांच्याच कबुलीप्रमाणे, ५,००० वर लोक पडले असे ग्रँट डफ सांगतो. इतर आकडे याहून बरेच वेगळे आहेत.

शरणागतीची तारीख काही ठिकाणी १६ मे तर काही ठिकाणी ५ मे अशी दिलेली आढळते आणि वाचक गोंधळतो. पोर्तुगीज ग्रेगोरियन पंचांग वापरीत. मुंबईचे इंग्रज १७५२ पर्यंत ज्युलियन पंचांगावर होते आणि अठराव्या शतकात दोहोंत ११ दिवसांचे अंतर होते. तेव्हा इंग्रजांची ५ मे आणि पोर्तुगीजांची १६ मे हा एकच दिवस. २३ मे ही तिसरी तारीखही भेटते. ती पोर्तुगीज प्रत्यक्ष किल्ल्याबाहेर पडल्याची आहे. शरणागतीच्या अटी उदार होत्या : शिबंदीने हत्यारांसह, वाद्ये वाजवीत निघून जावे, कुटुंबांनी चीजवस्तू न्यावी, मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्म पाळता यावा. चर्चच्या मोठ्या घंटा विजयचिन्ह म्हणून देशावर गेल्या. नाशिकचे नारोशंकर मंदिर, वाईजवळची मेणवली व भीमाशंकर येथील घंटा त्यांपैकी मानल्या जातात. घडणीवरून त्या पोर्तुगीज आहेत यात शंका नाही. परंतु त्यांतली प्रत्येक वसईच्याच कोटातली, की मोहिमेत घेतलेल्या दुसऱ्या एखाद्या ठाण्याची, हे घंटेगणिक तपासून पाहायला हवे. वज्रेश्वरीचे मंदिर चिमाजी आप्पांच्या नवसातून उभे राहिले असे परंपरा सांगते.

मराठी अमलात शंकराजी केशव फडके यांनी सरसुभेदार म्हणून प्रांताची घडी बसवली. १७७५ च्या सुरतेच्या तहात राघोबांनी साष्टीबरोबर वसई इंग्रजांना देऊ केली. डिसेंबर १७८० मध्ये जनरल गॉडार्डने ती घेतली. सालबाईच्या तहाने (१७८२) ती पुन्हा मराठ्यांकडे आली. हडपसरला यशवंतराव होळकरांकडून पराभूत होऊन दुसऱ्या बाजीरावाने येथे आश्रय घेतला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी तैनाती फौजेचा तह केला. सहा पलटणी व त्यांच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख ही त्याची किंमत. शालेय पुस्तकांमुळे हा तह सर्वांना ठाऊक आहे. १८१८ नंतर वसई कायमची इंग्रजांकडे गेली व किल्ला ओस पडला. आज तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे.

वसईच्या लोकजीवनात सामवेदी ब्राह्मण, सामवेदी ख्रिस्ती (कुपारी), वाडवळ, पाचकळशी, भंडारी, आगरी, हिंदू व ख्रिस्ती कोळी आणि पूर्वेच्या डोंगराळ भागातील वारली, कातकरी, मल्हार कोळी या समाजांचा समावेश होतो. ‘कुपारी’ हा शब्द पोर्तुगीज ‘कोंपाद्र’ (मुलाचा धर्मपिता, त्या नात्याने सोयरा) यावरून आला हे मत सर्वसाधारणपणे मान्य आहे. येथील बोली हा अभ्यासाचा स्वतंत्र विषय आहे. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात सामवेदी, वाडवळी व फुडगी यांची कोकणातील मराठी बोली म्हणून नोंद आहे. सामवेदीला बोलणारे ‘कादोडी’ही म्हणतात. हिंदू व ख्रिस्ती सामवेदींची बोली एकच असणे, हा दोहोंच्या समान मूळाचा सर्वांत जवळचा पुरावा होय. धर्मांतर सोळाव्या शतकात, अंतोनियो दो पोर्तो या फ्रान्सिस्कन धर्मगुरूच्या काळापासून सुरू झाले. गावागणिक त्याचा क्रम लावणे अवघड आहे. १७३९ नंतर पोर्तुगीज भाषेचा आधार तुटला आणि हा समाज मराठीतच रमला. ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) हे नंदाखालचे. ‘सुबोध बायबल’साठी त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला व २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ मध्ये स्थापन झाला.

वाडीपट्ट्यात केळी, विड्याची पाने, फुले, भाजीपाला व भात ही पिके घेतली जातात. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली आगाशीकडची सुकेळी प्रसिद्ध आहेत. या शेतीचा आधार म्हणजे बावखल. हा वाडीत खणलेला रुंद, कमी खोलीचा तलाव. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते आणि उन्हाळ्यात रहाटाने, पुढे पंपाने, शिंपण्यास काढले जाते. त्याचे महत्त्व सिंचनापुरते नाही. समुद्राजवळच्या वाळूमिश्रित जमिनीत गोडे पाणी हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर तरंगते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मी. असेल, तर सिद्धान्ताप्रमाणे खाली सु. ४० मी.पर्यंत गोडे पाणी टिकते. पातळी घटली की खाऱ्या पाण्याची सीमा त्याच प्रमाणात वर सरकते. वरून मुरणारे पाणी कमी झाले आणि टँकरसाठी उपसा वाढला, तर विहिरी खाऱ्या होणारच. बावखले बुजवणे म्हणजे हा समतोल मोडणे होय. त्यांच्या बचावासाठी गावोगाव झटणाऱ्या लोकांचे काम मोलाचे आहे.

कोळी समाजाची मासेमारी पाचूबंदर, नायगाव व अर्नाळा येथे एकवटली आहे. भरती-ओहोटीच्या प्रवाहात रोवलेल्या खुंटांना बांधायची डोल जाळी हे येथील मुख्य साधन आणि बोंबील ही मुख्य मासळी. खुंटांच्या जागांवरून, म्हणजे ‘कवीं’वरून, उत्तरेकडच्या सातपाटी-डहाणूच्या मच्छीमारांशी जुना वाद आहे.

रेल्वे १८६४ मध्ये आली. विरार ते मुंबई बॅकबे ही पहिली उपनगरी गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी वसईवरून धावली आणि विजेच्या गाड्या १९३६ पासून विरारपर्यंत येऊ लागल्या. खरी लोकसंख्यावाढ १९८० नंतरची. तिच्यासोबत आलेल्या बेबंद बांधकामाविरुद्ध व पाणीउपशाविरुद्ध फादर दिब्रिटो यांच्या पुढाकाराने ‘हरित वसई संरक्षण समिती’ची चळवळ उभी राहिली. वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि ५३ गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२,२२,३९० होती. त्यांतील २९ गावांनी आपल्याला वगळावे म्हणून दीर्घ लढा दिला. १ ऑगस्ट २०१४ रोजी तालुका ठाणे जिल्ह्यातून नव्या पालघर जिल्ह्यात गेला. फेब्रुवारी २०२४ पासून किल्ल्यालगतच्या धक्क्यावरून खाडीपलीकडच्या भाईंदरला वाहनांसह नेणारी रो-रो बोट सुरू झाली असून खाडीच्या दोन तीरांवरील अंतर, जे रेल्वेपुलाखेरीज पार करायचे तर घोडबंदरचा लांबचा वळसा पडे, ते आता थोड्या मिनिटांचे झाले आहे.