शिदोरी संपेपर्यंत

भाचीच्या वाढदिवसाला घरात कासव आलं तेव्हा ते रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडंच मोठं होतं. हिरवीगार पाठ, डोळ्यामागे लाल पट्टा. सोबत प्लास्टिकचं पसरट भांडं, त्यात प्लास्टिकचंच नारळाचं झाड आणि वाळवलेल्या जवळ्यासारख्या खाद्याची डबी. दुकानदाराने सांगितलं होतं, "अंग बुडेल एवढं पाणी ठेवा, सकाळ-संध्याकाळ चार-चार दाणे टाका, बाकी काही लागत नाही. टाकी लहान असली की कासव पण लहानच राहतं." सहाव्या महिन्यात त्याचे दोन्ही डोळे सुजून मिटले.

दुकानदार खोटं बोलला असं मला वाटत नाही. त्याच्याकडे प्रत्येक पिल्लू फार तर काही आठवडे असतं आणि तेवढे दिवस ते खरंच ठणठणीत दिसतं. चूक लपते ती कासवाच्या शरीरात.

कासवी मादी अंडी घालून निघून जाते, पुन्हा फिरकतही नाही. तरी पिल्लं जगतात. आपल्या संतवाङ्मयात कासवी नुसत्या दृष्टीने पिल्लांना पोसते असं म्हटलं जातं. कुणी भरवत नसताना पिल्लं तगतात हे कुणीतरी नीट पाहिलं असणार. खरं पोषण असतं ते बलकात. अंड्यातून बाहेर येताना पिल्लाच्या पोटात बलकाची पिशवी शिल्लक असते, सुरुवातीचे दिवस ते त्यावर काढतं. बलकातूनच 'अ' जीवनसत्त्वाचा साठाही त्याच्या यकृतात उतरलेला असतो आणि तो काही महिने पुरतो. त्यातच कासव थंड रक्ताचं, शरीर तापवायला त्याला अन्न जाळावं लागत नाही. त्यामुळे खर्च अगदी कमी. आईने दिलेली ही शिदोरी संपेपर्यंत कुठलाही सल्ला बरोबरच वाटतो. ती संपते तेव्हा दुकानातला तो दिवस कुणाच्या लक्षातही नसतो.

भाचीच्या कासवाचं नेमकं तेच झालं होतं. वाळवलेल्या कोळंबीत 'अ' जीवनसत्त्व फारच कमी. हे जीवनसत्त्व नसेल तर डोळ्यांभोवतीच्या ग्रंथींचं आणि श्वासमार्गाचं ओलसर अस्तर कोरडं, जाड होत जातं. ग्रंथींची तोंडं बुजतात आणि पापण्या फुगतात. कासव खाणं शोधतं ते मुख्यतः डोळ्यांनी. दिसेनासं झालं की ते खात नाही, आणि खात नाही म्हणून कमतरता आणखी वाढते. अशा वेळी दुकानात डोळ्यांचे थेंब मिळतात. त्यांनी आहारातली उणीव कशी भरणार? घरच्या घरी जीवनसत्त्वाचा मोठा डोस देणंही घातक आहे. तो जास्त झाला तर कासवाची कातडी सोलवटून निघते. डोस प्राण्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायला हवा, तोही सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या.

दुसरी उणीव उन्हाची. "खिडकीत ठेवा, ऊन मिळेल" हा सल्ला मी अनेकांकडून ऐकलाय. सूर्यप्रकाशातल्या २९० ते ३१५ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांमुळे कासवाच्या कातडीत 'ड' जीवनसत्त्व तयार व्हायला लागतं, आणि नेमके हेच किरण काच अडवते. आत पोचते ती नुसती उष्णता, आणि वाटीभर पाणी उन्हात बघता बघता कढत होतं. 'ड' जीवनसत्त्व नसेल तर पोटात गेलेलं कॅल्शियम रक्तात येत नाही. हृदयाला आणि स्नायूंना तर ते क्षणोक्षणी लागतं, मग शरीर ते हाडांतून काढतं. कासवाची पाठ म्हणजे त्याच्या बरगड्या आणि कणा एकत्र जुळून झालेलं हाडच आहे. ती मऊ पडते, वाकडी वाढते. बोटाने दाबली तर आत जाणारी पाठ अगदी कोवळ्या पिल्लात चालते, वर्षाच्या कासवात नाही.

पोहून थकल्यावर पूर्ण कोरडं होता येईल अशी जागाही त्याला लागते. तिथे तिशीच्या थोडं वर तापमान आणि पाणी साधारण २५ अंश, म्हणजे ते हवं तेव्हा तापतं, हवं तेव्हा गार होतं. खाल्लेलं पचायलासुद्धा ही ऊब लागते. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात वाटीतलं पाणी रात्री पार गार पडतं, कासव खाणं सोडतं, आणि उत्तर मिळतं, "थंडीत ते झोपतं, काळजी करू नका." या अर्धसत्याने फार कासवं गेली आहेत. निसर्गात शीतनिद्रा घेणारं कासव आधी पोट रिकामं करतं आणि एकसारख्या थंडगार पाण्यात राहतं. आपल्या घरात रात्री गारठा, दुपारी ऊब. धड झोप नाही, धड जाग नाही. प्रतिकारशक्ती ढासळते आणि फुप्फुसं धरतात. नाकातून बुडबुडे, उघडं तोंड, एका अंगाला कलून पोहणं ही न्यूमोनियाची लक्षणं आहेत. त्याला झोप समजून दिवस घालवू नयेत.

टाकीएवढंच वाढतं, हे तर साफ चूक. हे लाल कानाचं कासव मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. मादी २५ ते ३० सेंटिमीटर होते आणि नीट सांभाळली तर वीस-तीस वर्षं जगते. लहान भांड्यात खुंटतं ते उपासमारीने आणि स्वतःच्याच मलमूत्रातल्या अमोनियाने.

हात धुण्याबद्दल दुकानात सहसा कुणी बोलत नाही. धडधाकट कासवाच्या विष्ठेतूनही साल्मोनेला जिवाणू बाहेर पडतात. मुलांना त्याची लागण होते म्हणून अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून, म्हणजे साधारण १० सेंटिमीटरहून, लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. एवढी लहान कासवं मुलं तोंडात घालत. आपल्याकडे विकली जातात ती नेमकी याच मापाची.

मोठं झालेलं कासव तळ्यात किंवा देवळाच्या कुंडात सोडणं म्हणजे तिथल्या देशी कासवांवर संकट. जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत हे कासव आहे. काही ठिकाणी पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं कासवही चोरून विकतात. ते पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. शिवाय ते कोरड्या माळरानातलं, गवत खाणारं. त्यालाही पाण्याच्या वाटीत ठेवायला सांगतात आणि ते बुडून मरतं.

भाचीचं कासव वाचलं. आता गॅलरीत मोठा टब आहे, अर्ध्यावर सावली, पाण्याबाहेर येणारी उतरती फरशी. खायला कासवांचं चांगल्या प्रतीचं खाद्य, गांडुळं, पालेभाजी, लाल भोपळ्याचा कीस, आणि कॅल्शियमसाठी समुद्रफेनाचा तुकडा. डोळे उघडायला पाच आठवडे लागले. मागच्या बाजूला पाठ थोडी वाकडी आहे, ती तशीच राहील असं डॉक्टर म्हणाले. सकाळी नऊच्या सुमाराला ते फरशीवर चढतं, मागचे पाय ताणून पसरतं आणि मान उन्हाकडे वर करतं.