‘अरण्यऋषी’च्या अंगावरची खाकी

दर वर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हे दिवस महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळले जातात. राज्य सरकारने २०२० मध्ये तसा निर्णय घेतला. ५ नोव्हेंबर हा वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर पक्षितज्ज्ञ डॉ. सालीम अलींचा, म्हणून हा आठवडा. चितमपल्लींचं नाव निघालं की पाठोपाठ ‘अरण्यऋषी’ येतंच. १८ जून २०२५ला ते गेले, तेव्हाच्या बातम्यांतही तोच शब्द. मला तो थोडा खटकतो. ऋषी आपणहून वनात जातो. यांची तिथे बदली होत असे.

१९३२ साली सोलापुरात जन्मलेला हा माणूस कोइमतूरला वनविद्येचं शिक्षण घेऊन वन खात्यात लागला. हे खातं इंग्रजांनी १८६४ मध्ये उभं केलं ते मुख्यतः इमारती लाकडाची आणि रेल्वेच्या स्लीपरांची सोय लागावी म्हणून. त्या शास्त्रात झाडाला पहिला प्रश्न विचारला जाई तो लाकूड किती निघेल हा. चितमपल्लींच्या लेखनाची सुरुवात इथून धरायला हवी. तुकोबांचं ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरे’ प्रत्येक वृक्षारोपणाच्या फलकावर असतं, पण ते वाक्य आणि लाकडाचा हिशेब यांच्यातलं अंतर नोकरीत राहून कापणं ही निराळी गोष्ट आहे.

ते अंतर बऱ्याच अंशी कापलं गेलं नवेगावबांधला. आजच्या गोंदिया जिल्ह्यातलं हे गाव सुमारे ११ चौरस किलोमीटरच्या तलावाकाठी वसलेलं आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी सात बहिणींच्या डोंगरांमध्ये पाळ, म्हणजे बांध, घालून तो बांधला, असं सांगतात. कोहळी हा तलाव बांधणाऱ्यांचा समाज. जो तलाव बांधील त्याला त्याखाली भिजणारी जमीन, अशी गोंड राजांची रीत होती म्हणे. म्हणजे जिथे पुढे १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, त्या जंगलाच्या मधोमध असलेलं पाणी माणसांनी अडवलेलं होतं. माणूस वगळून उरतो तोच निसर्ग, ही व्याख्या इथे पहिल्याच पावसात वाहून जाते. भाताला पाणी देणाऱ्या तलावावरच हिवाळ्यात उत्तरेकडून बदकं उतरतात.

इथे चितमपल्लींना गुरू भेटले ते गावचे माधवराव पाटील डोंगरवार. पाखरं, पाणी, श्वापदं यांच्याबद्दल त्यांना जे ठाऊक होतं ते कुठल्याही अभ्यासक्रमात नव्हतं. हातात वन खात्याचे अधिकार असताना गावकऱ्यासमोर विद्यार्थी होऊन बसणं त्या काळात सोपं नसणार.

मराठीत निसर्गावरचं चिंतन त्याआधीही होतं. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ १९५६ चं. बारा महिन्यांचं असं रूप मराठी गद्याने तोवर पाहिलं नव्हतं. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याच्या जंगलात जाऊन राहिले. वानरांच्या टोळ्यांमधल्या सत्तेच्या झगड्यावरच्या ‘सत्तांतर’ला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण माडगूळकर जंगलात पाहुणे होते आणि पाहुण्याची नजर तीक्ष्ण असते. चितमपल्ली तिथे वर्षानुवर्षं राहिले. तीच माणसं, तीच झाडं पुन्हा पुन्हा पाहिलेल्याची सावकाशी त्यांच्या गद्यात आहे. कधी कधी ती कंटाळवाणीही होते, हे त्यांच्या चाहत्यांनी मान्य करायला हरकत नाही.

त्यांचं तत्त्वज्ञान शोधायचं तर मला ते शब्दांत सापडतं. बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला त्यांनी ‘सारंगागार’ म्हटलं, कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’. ज्याला नाव नाही ते झाड तोडताना कुणाला काही वाटत नाही. तेराव्या शतकातल्या हंसदेवाचं संस्कृत ‘मृगपक्षिशास्त्र’ त्यांनी मराठीत आणलं, तेही या शोधातूनच. एक हात संस्कृत पोथीत आणि दुसरा पाड्यावरच्या बोलीत, असा हा प्रकार होता. १९९० मध्ये ते निवृत्त झाले, तेव्हा खाकी उतरली. पक्षी-झाडांच्या कोशांसाठी नावं गोळा करणं मात्र चालूच राहिलं.