जागतिक बँकांचे परदेशी व मायदेशी कर्जवाटप

अनेक देशांत शाखा असलेल्या बँकेने मायदेशात दिलेली कर्जे आणि बाहेर दिलेली कर्जे यांचा परस्परसंबंध. हिशेब वेगळे लिहिले जात असले तरी मुख्य कचेरी आणि परदेशी शाखा यांच्यात पैसा आतल्या आत फिरत असतो. त्यामुळे एकीकडची ओढाताण दुसरीकडे जाणवते.

यवतमाळ-वणीकडच्या अडत्याचा व्यवहार आठवला की हे लगेच उमगते. पेरणीच्या तोंडावर तो गावोगाव उचल वाटतो. जिनिंगमध्ये त्याला खोट आली की पुढच्या हंगामात उचल आटते. गावाने एक पैसाही बुडवलेला नसतो. त्यातही ज्या गावचा कापूस वर्षानुवर्षे त्याच्याच काट्यावर येतो ते गाव तो शेवटपर्यंत सांभाळतो, नव्याने जोडलेले आधी सोडतो. जागतिक बँकाही साधारण असेच वागतात.

जपानमध्ये 1990 नंतर शेअर आणि जमिनींचे भाव कोसळले, बँकांचे भांडवल खंगले आणि त्यांनी अमेरिकेतील कर्जे आखडली. जो पीक व एरिक रोझेनग्रेन या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवले, की दुखणे जपानचे होते, पण झळ अमेरिकेतील बांधकाम व्यवसायाला बसली. मायदेशात पैसा महागला तर बँक बाहेरच्या शाखांतून तो ओढून घरची कर्जे चालू ठेवते. मायदेशात मागणी मंदावली तर तोच पैसा बाहेर जातो. मात्र भांडवलच बुडाले की दोन्हीकडचे वाटप एकदम घटते. म्हणून ‘बाहेर वाढले की घरी घटते’ हे सूत्र सरसकट लावणे चूक.

विदर्भातल्या शेतकऱ्याचे पीककर्ज सोसायटी, जिल्हा मध्यवर्ती बँक किंवा राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेतून येते. परदेशी बँकेची पायरी तो क्वचितच चढतो. तरी धागा तुटत नाही. सप्टेंबर 2008 मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतील मोठी गुंतवणूक बँक बुडाली, भारतीय कंपन्यांची परदेशी कर्जे आटली आणि त्या देशी बँकांच्या रांगेत आल्या. ऑक्टोबरमध्ये बँकांमधील एका रात्रीच्या उसनवारीचा दर 20 टक्क्यांच्या आसपास गेला. बँकांच्या हाती पैसा यावा म्हणून रिझर्व्ह बँकेने रोख राखीव प्रमाण, म्हणजे ठेवींपैकी तिच्याकडे ठेवावा लागणारा हिस्सा, 9 टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने 5 टक्क्यांवर आणले.

भारतात वीस किंवा अधिक शाखा असलेल्या परदेशी बँकांनाही कर्जांचा 40 टक्के वाटा प्राधान्य क्षेत्राला, म्हणजे शेती, लघुउद्योग अशा सरकारी धोरणाने ठरवलेल्या गरजांना, द्यावा लागतो; त्यात एकूण कर्जांच्या 18 टक्के शेतीला. हा वाटा कमी पडला तर 2016 पासून ती तूट, ज्या बँकेने ठरल्याहून जास्त अशी कर्जे दिली तिच्याकडून त्या जादा कर्जांची प्रमाणपत्रे विकत घेऊनही भरता येते. म्हणजे कळंब-राळेगावात एकही शाखा न उघडता शेतीचा वाटा पुरा होतो, निदान कागदावर.