दाढदुखीच्या गोळ्या: पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा

दाढेचा ठणका इतका असह्य का असतो? दाताच्या गाभ्यात नसा आणि रक्तवाहिन्या असतात. कीड तिथवर पोचली की गाभा सुजतो, पण भोवती टणक दंतिनाच्या भिंती असल्याने सुजेला पसरायला जागाच मिळत नाही. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा जोर वाढतो, म्हणून रात्री कळ जास्त येते.

आयबुप्रोफेन सुजेच्या जागीच काम करतं. वेदना चेतवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं ते कमी करतं. पॅरासिटामॉलचं काम मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूत चालतं. वाटा वेगळ्या असल्याने दोन्ही मिळून एकट्या गोळीपेक्षा जास्त आराम देतात. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांतही दातांच्या तीव्र दुखण्यावर अफूवर्गीय औषधांआधी याच गटातल्या गोळ्यांना पसंती आहे.

आपल्याकडे मेडिकलमध्ये चिठ्ठीविना सर्रास मिळणाऱ्या कॉम्बिफ्लाममध्ये ही जोडी आधीच असते: 400 मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि 325 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. घोळ होतो तो इथेच. दिवसाला तीन कॉम्बिफ्लाम म्हणजे 975 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. ‘वेगळी गोळी’ समजून चार वेळा डोलो 650 (म्हणजे 650 मिलिग्रॅम पॅरासिटामॉलच) घेतली, तर बेरीज 3575. वर सर्दीची एक गोळी, तिच्यातही बहुधा 500. झाले 4075! निरोगी प्रौढासाठी चोवीस तासांची कमाल मर्यादा 4000 आहे. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा रोजचं पिणं असेल, तर त्याहून बरीच कमी. पॅरासिटामॉलचा थोडा भाग यकृतात विषारी रूप घेतो आणि तिथलंच ग्लुटाथायोन नावाचं रसायन त्याला निकामी करतं. त्या रसायनाचा साठा संपला की यकृताच्या पेशी मरू लागतात. पहिल्या दिवशी माणसाला फारसं काही जाणवतही नाही, म्हणून मला ही चूक सगळ्यात घातक वाटते.

आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने घेताना दिवसाला 1200 मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये आणि पोटात काही असल्याशिवाय घेऊ नये. त्याच्या जोडीला डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक किंवा केटोरोलॅक मुळीच नको. ही सगळी एकाच कुळातली. आराम तेवढाच, पण जठरातून रक्तस्राव आणि मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका वाढतो. अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, रक्त पातळ करणारी औषधं, गरोदरपण यांपैकी काही असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आयबुप्रोफेन घेऊच नका. पावसाळ्यात दाढदुखीसोबत ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेन टाळा. तेव्हा फक्त पॅरासिटामॉल.

अॅस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवायची जुनी सवय तर सोडाच, तिथली त्वचा भाजते. उरलेलं अँटिबायोटिक खाऊनही गाभ्याची सूज उतरत नाही. त्यासाठी रूट कॅनाल करावं लागतं किंवा दाढ काढावी लागते. गाल किंवा जबड्याखाली सूज, तोंड न उघडणं, गिळताना त्रास यांपैकी काही दिसलं, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. जबड्याखालचा संसर्ग पसरला की श्वासनलिका दाबली जाऊ शकते.