विश्वाच्या नकाशातली बोटं आपल्याकडेच का रोखलेली?

दीर्घिकांच्या नकाशांची चित्रं समाजमाध्यमांवर फिरतात, तेव्हा दोन दावे हमखास सोबत येतात. विश्व म्हणजे एक मेंदूच आहे, हा पहिला. त्यात जाळीदार दिसण्यापलीकडे काही नाही. दुसरा असा, की दीर्घिकांच्या लांबट रांगा बोटांसारख्या पृथ्वीकडे रोखलेल्या आहेत, म्हणजे आपण विश्वाच्या केंद्रस्थानी आहोत. रांगा नकाशात खरंच दिसतात. आकाशात मात्र तसं काही नाही.

१९८६ साली प्रसिद्ध झालेल्या सुमारे १,१०० दीर्घिकांच्या नकाशात मधोमध चक्क काडीचा माणूस उभा होता. त्याचं धड म्हणजे अरुंधती केश तारकासमूहातला कोमा दीर्घिकासमूह, आपल्या दिशेने ताणलेला.

हा ताण येतो अंतर काढण्याच्या रीतीतून. दीर्घिकेची दिशा छायाचित्रावरून कळते, अंतरासाठी वर्णपट घेतात, म्हणजे तिचा प्रकाश रंगांत फोडून पाहतात. कॅल्शियमची एक गडद रेषा प्रयोगशाळेत ३९३.४ नॅनोमीटरवर असते. कोमातल्या दीर्घिकांत ती साधारण ४०२.६ वर सरकलेली सापडते. या फरकाला मूळ तरंगलांबीने भागा, प्रकाशाच्या वेगाने गुणा, की दूर जाण्याचा वेग मिळतो : सेकंदाला सुमारे ७,००० किलोमीटर. विश्वाच्या प्रसरणाचा दर दर मेगापार्सेकमागे (सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे) सेकंदाला ७० किलोमीटर धरला, तर अंतर १०० मेगापार्सेक, म्हणजे जवळपास ३३ कोटी प्रकाशवर्षं.

गोची अशी, की या वेगात दीर्घिकेची स्वतःची धावपळही मिसळलेली असते. समूहाच्या, मुख्यतः त्यातल्या न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याच्या, गुरुत्वाकर्षणामुळे कोमातल्या दीर्घिका सेकंदाला हजारभर किलोमीटर वेगाने इकडेतिकडे पळतात. शेजारशेजारच्या दोन दीर्घिकांपैकी एक आपल्याकडे येत असेल, तर तिचा वेग ६,००० भरतो आणि ती नकाशात २८ कोटी प्रकाशवर्षांवर जाऊन बसते. दुसरी पलीकडे जात असेल तर ८,००० आणि ३७ कोटी. आडव्या दिशेची मोजणी कोनातून येते, म्हणून तिकडे घोळ होत नाही. ताणलं जातं ते फक्त निरीक्षकाच्या दिशेने. कोमातल्याच एखाद्या ग्रहावरून कुणी नकाशा केला, तर त्याच्या नकाशातली बोटं त्याच्याकडे वळलेली असतील. केंद्राचा मान कुणालाच नाही!

दुरुस्तीसाठी एकाच समूहाचे सदस्य शोधून त्यांना सरासरी अंतरावर आणतात. सदस्य ठरवताना खोलीच्या, म्हणजे आपल्या नजरेच्या, दिशेने जास्त सूट द्यावी लागते. ती फार दिली, की मागची परकी दीर्घिकाही समूहात ओढली जाते. कमी दिली तर बोटाची टोकं सुटतात. त्यात उपकरणाची अडचण वेगळी. स्लोन या आकाश-सर्वेक्षणात ॲल्युमिनियमच्या तबकडीला ६४० भोकं पाडून त्यांत प्रकाशतंतू हाताने खोचत. दोन तंतू आकाशात ५५ विकलांहून (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) जवळ बसत नसत, त्यामुळे नेमक्या दाटीच्या जागीच काही दीर्घिका मोजायच्या राहून जात. त्यावर उपाय म्हणजे एकमेकींवर येणाऱ्या तबकड्या.

एका समूहाहून खूप मोठ्या रचनांत गंमत उलटी होते. दाट भागाकडे दीर्घिका नुकत्या ओढल्या जात असतात. अलीकडच्या आपल्यापासून दूर पडतात म्हणून लांब भासतात, पलीकडच्या आपल्याकडे येतात म्हणून जवळ भासतात. रचना चपटी दिसते. १९८७ मध्ये खगोलशास्त्रज्ञ निक कैसर यांनी याचं गणित मांडलं. अ‍ॅरिझोनातलं डेसी हे उपकरण ५,००० यंत्रचलित तंतूंनी वर्णपट घेतं, आणि हा चपटेपणा मोजणं हेही त्याच्या कामांपैकी एक. त्यावरून दाटी किती वेगाने वाढते ते कळतं आणि आइनस्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाची परीक्षा होते. मात्र दीर्घिका कृष्णद्रव्यापेक्षा अधिक गठ्ठ्याने वसलेल्या असतात. चपटेपणातून हाती येतं ते वाढीचा दर आणि हा गठ्ठेपणा यांचं गुणोत्तर. दोन्ही सुटे करायला गुरुत्वीय भिंगाची, म्हणजे वस्तुमानामुळे मागून येणारा प्रकाश किती वाकतो याची, मोजमापं जोडावी लागतात.